गॅस गेला कुठे?

फ्रीजमधला गॅस संपत नसतो. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी घाबरेन आणि मुद्द्याचं तेवढं राहून जाईल. चुलीतलं लाकूड संपतं, स्टोव्हमधलं रॉकेल संपतं. फ्रीजमधला गॅस नळ्यांतून नुसता गोल गोल फिरतो. तो जळत नाही, झिजत नाही, आटत नाही. नळी धड असेल तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस यंत्र भंगारात जाईपर्यंत पुरतो. तेव्हा कुणी मेकॅनिक तुमच्या घरी येऊन म्हणाला, "गॅस संपलाय, भरून देतो," तर त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा, "गेला कुठे?"

हा प्रश्न मला वेळेवर कुणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट आहे.

माझं शिक्षण मराठी चौथी. गाव वेंगुर्ल्याच्याही पलीकडे, समुद्राला लागून. सोळाव्या वर्षी अमरावतीला आलो तो रहमतभाईंच्या दुकानात हात काळे करायला. उस्ताद मोटारी, पंखे, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी आणि त्या काळी आमच्या भागात असलेले मोजके फ्रीज दुरुस्त करायचे. मला ना त्यांची भाषा येत होती ना वऱ्हाडी. तरी त्यांनी ठेवून घेतलं, स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं, शिकवलं. आज मी जो काही आहे तो त्या माणसामुळे. हे मी कुठेही, कुणालाही सांगतो. इथे तर सांगणारच.

वऱ्हाडातला पहिला मे महिना मी विसरलेलो नाही. दुपारी बारा वाजता सामान आणायला बाहेर पडलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळ्या घरांची दारं-खिडक्या बंद. मला वाटलं गावात कुणी मोठा माणूस गेला. धावत परत येऊन उस्तादांना विचारलं, "कोण वारलं?" ते पोट धरून हसले. "कोई नहीं मरा रे कोकनी, सब सो रहे." आमच्याकडे खिडकी बंद केली तर माणूस गुदमरेल. इथे खिडकी उघडली तर भाजेल. सकाळी दहा-अकराला घर आवळून बंद करायचं, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचं आणि अंधारात पडून राहायचं ते उन्हं कलेपर्यंत. मला ही रीत फार शहाणपणाची वाटली. अजूनही वाटते.

आता आमचं यंत्र काय करतं ते सांगतो. लोकांना वाटतं ते गारवा तयार करतं. तसं नाही. ते कपाटाच्या आतली उष्णता उचलतं आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतं. हमालच आहे म्हणा ना. त्याला ओझं टाकायला जागा मिळाली तर तो बिनतक्रार राबतो. एवढी एकच गोष्ट समजली तर निम्मी दुरुस्ती घरच्या घरी होते. पण ती समजावताना माझी जी त्रेधा उडायची!

एक कापसाचे व्यापारी होते. त्यांनी तक्रार केली, "मिस्तरी, मी दुपारी फ्रिजचं दार उघडं टाकून त्याच्यापुढं निजतो. तरी खोली तापूनच राहिली. फसवलं ना मले?" मी म्हटलं, साहेब, विहिरीतलं पाणी उपसून विहिरीतच ओतलं तर विहीर कशी आटेल? पुढून उचललेली उष्णता मागून त्याच खोलीत पडते, वर मोटारीची स्वतःची भर. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून फ्रीजपुढेच, पण अजून जवळ झोपू लागले.

दुसऱ्या एका घरी फ्रीजला गोणपाट गुंडाळलेलं, त्यावर रजई, त्यावर दोरी. बाई म्हणाल्या, "बरफाची लादी कारखान्यातून आणता तवा भुसा लावून गोणपाटात आणता का नाही? मंग हे तं बरफाचं घरच हाय." बिनतोड. हमालाच्या पाठीवरचं ओझं उतरूच दिलं नाही तर तो मरणारच. ती मोटार मेली होती.

म्हणून प्रत्येक घरी मी एक पाठ म्हणायचो. भिंत आणि यंत्र यांच्यात वीतभर जागा ठेवा. आपल्याकडे कापसाचे तंतू हवेत उडतात, ते मागच्या जाळीवर चिकटून गादी होते; महिन्यातून एकदा मऊ ब्रशने काढा. दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढता आला तर रबर गेलं समजा. आत बर्फ साठला तर यंत्र बंद करून वितळू द्या, सुरीने खरवडू नका, खालीच नळी असते. आणि यंत्र उन्हात ठेवू नका. घरातल्या सगळ्यांत गार जागी ठेवा.

हे शेवटचं वाक्य मी रामरावजींच्या घरीही म्हटलं होतं.

रामरावजी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांचं घर. मुलगा गणपत भातकुलीकडची शेती बघायचा, रोज पहाटे सायकलने जायचा. सून वत्सलाबाई, आणि सात वर्षांची नात बेबी. फ्रीज एका जुन्या साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात घेतलेला. त्याला घरात 'अलमारी' म्हणत. ती ओसरीत ठेवलेली, दुपारनंतर पाठीवर ऊन. यंत्र धापा टाकायचं. मी सांगितलं, मधल्या खोलीत न्या. चैत्रात चौघांनी ती उचलून नेली. यंत्र शांत झालं. रामरावजींनी माझी पाठ थोपटली. मी आठ दिवस हवेत होतो.

त्या जुन्या यंत्रांमधल्या गॅसबद्दल आता सांगायला हवं. मिथाइल क्लोराइड हे त्याचं नाव मला नंतर कळलं. आम्ही दुकानात नुसतं 'पुराना गॅस' म्हणायचो. पुढे आले ते गॅस बरे होते. हा विषारी. वास जवळजवळ नाही. असलाच तर मंद, गोडसर. उस्तादांचा एक नियम होता, तो मला त्यांनी पहिल्याच वर्षी दहा वेळा म्हणायला लावला होता: "पहले झाग, फिर गॅस." म्हणजे साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर, प्रत्येक नटावर लावायचा आणि बसून राहायचं. बुडबुडा फुगला की तिथे गळती. ती बंद केल्याशिवाय गॅस भरायचा नाही. काम कंटाळवाणं, तासाभराचं.

अक्षय तृतीयेच्या सकाळी रामरावजींचा निरोप आला, अलमारी गार होत नाही. गेलो. गॅस कमी झालेला. मी साबण काढला तर रामरावजी म्हणाले, "हे काय करून राहिला?"

"गळती बघतो. तासभर लागेल."

"तासभर? अरे, आज अकिती हाय. पितराले पाणी द्याचं हाय. माह्या बापानं जन्मभर कोमट पाणी पेलं बाप्पा. आज त्याले गार पाजतो म्हणलं. तू आता भरून दे, तुहा झाग-बीग उद्या लाव."

पितरांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? मी परक्या मुलखातला, ही मोठी माणसं. भरून दिला. दुपारपर्यंत पाणी गार झालं, वाडवडिलांना पोचलं, मला आंब्याच्या रसाचं जेवण मिळालं. दुसऱ्या दिवशी मी फेस लावायला गेलो नाही. कारण त्या दोन दिवसांत तशीच आणखी तीन घरं झाली: संत्र्याच्या एका आडत्याचं, बडनेऱ्याला एका रेल्वे गार्डाचं आणि अकोल्याला एका शिक्षिकेचं. सगळीकडे घाई. सगळीकडे "उद्या". अकोल्याला तर घाई माझीच, परतीची गाडी गाठायची होती.

अठरा दिवसांनी पुन्हा निरोप आला. अलमारी गार होत नाही.

दुपारचे दोन वाजले असतील. मी ओसरीवर सायकल टेकवली, दार वाजवलं. बऱ्याच वेळाने वत्सलाबाईंनी दार किलकिलं केलं. डोक्याला पदर घट्ट आवळलेला. "या भाऊ. पण हळू. मामंजीले ऊन लागलं, बेबीलेही लागलं. तीन दिवस झाले. माहंही डोकसं फुटून राहिलं."

आत अंधार. वाळ्याचा ओला वास. मधल्या खोलीत फ्रीजला लागूनच दोन अंथरुणं. एकावर रामरावजी, अर्धवट डोळे उघडे, काहीतरी पुटपुटत होते, पण जीभ जड. दुसऱ्यावर बेबी. तिच्या उशाशी कांदा, कपाळावर ओलं फडकं. वत्सलाबाईंनी फ्रीज उघडून पन्ह्याचा गडू काढला, तिला उठवून बसवलं. मुलगी उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि दारुड्यासारखी झोक जाऊन भिंतीवर आपटली. मग ओकली.

"सकाळपासून असंच चालू हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. "वैद्यबुवा सांगून गेले, गार जागी निजवा. म्हणून इथंच अलमारीजवळ निजवलं. पाणी द्याले बरं पडते."

तेवढ्यात मागच्या दाराने गणपत आला. भातकुलीहून भर उन्हात सायकल मारत आलेला, अंगातला सदरा पिळून घ्यावा असा. माठातलं पाणी घटाघटा प्यायला. अंथरुणांकडे बघून काळजीने म्हणा, चिडून म्हणा, म्हणाला:

"तुमी समदे ऊन लागलं, ऊन लागलं करून राहिले. ऊन तं मी खाऊन राहिलो दिवसभर वावरात. मले काहून नाही लागत? घरात बसणाऱ्याले ऊन लागते का कुठी?"

वत्सलाबाई म्हणाल्या, "तुमाले काय होते? तुमी दगड."

मी हातात पाना घेऊन फ्रीजपुढे उकिडवा बसलो होतो. गणपतचं वाक्य कानात शिरलं आणि तिथेच राहिलं. घरात बसणाऱ्याला. जो बाहेर जातो तो ठणठणीत. जी अर्धा वेळ चुलीपाशी असते तिचं नुसतं डोकं दुखतं. जी दोघं या खोलीतून हलत नाहीत ती आडवी पडलीत.

गॅस कमी झाला म्हणून मला बोलावलं होतं. अठरा दिवसांपूर्वी मी तो पुरता भरला होता. गेला कुठे?

मी नाक नटाजवळ नेलं. मंद, गोड.

"वत्सलाताई, हा गोड वास कधीपासून येतो?"

"आंबे हायेत ना आत," त्या म्हणाल्या.

मी दार उघडून पाहिलं. आत आंबा एकही नव्हता.

त्यानंतर मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. ओसरीतला मेन स्विच ओढला एवढं आठवतं. खिडकीवरची ताटी ओढून फेकली, दुसरी फेकली. पांढरं ऊन आत कोसळलं. वत्सलाबाई ओरडल्या, "अहो, भाऊ येडे झाले का? झळ येऊन राहिली ना आत!" मी बेबीला उचललं आणि धावत अंगणात नेलं, लिंबाखाली ठेवलं. गणपत मागून आला आणि त्याने माझी मान धरली.

"पोट्टीले ऊन लागलं अन् तू तिले उन्हात काहून नेऊन राहिला बे?"

"ऊन नाही लागलं. गॅस आहे. विष आहे. म्हाताऱ्यांना बाहेर काढा आधी, मग मला मारा!"

माझा आवाज इतका चिरका निघाला की त्यानेच माझी मान सोडली. दोघांनी मिळून रामरावजींना बाहेर आणलं. ते जड आवाजात एकच विचारत होते, "अलमारी बंद कोनं केली?"

टांग्यातून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले तरुण डॉक्टर चांगले होते, त्यांनी यंत्राबद्दल, गॅसबद्दल नीट विचारलं. मग म्हणाले, "याला उतारा नाही. मोकळी हवा आणि वाट पाहणं. म्हातारेबुवा निभावतील असं वाटतं. मुलीचं आज सांगता येत नाही. अंग लहान आहे."

दवाखान्याच्या व्हरांड्यात गणपतने मला विचारलं, "दोष कोनाचा? यंत्राचा का?"

खोटं बोलायला ती जागा सोयीची होती. जुनं यंत्र, लिलावातलं, साहेबाचं. कुणी पुढे विचारलं नसतं. पण माझ्यात खोटं रचायची ताकदच नव्हती. मी म्हटलं, "माझा. फेस लावून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही."

त्याने मारलं नाही. तो म्हणाला, "पोट्टी उठू दे. मंग पाह्यतो तुले."

तिथून सायकल मारत दुकानात गेलो. उस्ताद चटईवर पडले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ओरडतील, हाकलतील असं वाटलं होतं. ते उठून बसले आणि हलक्या आवाजात विचारलं, "झाग नहीं लगाया, ऐसे कित्ते घर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर मी एकाच घराचा विचार करत होतो.

"और तीन."

उस्तादांनी बूट घातले. नाड्या बांधल्या नाहीत.

मे महिन्यातली ती दुपार. सगळं शहर दारं लावून झोपलेलं आणि आम्ही दोघं सायकलीवर. आडत्यांचं घर आलं. मी कडी वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. नाही. मी दोन्ही मुठींनी दार बडवायला लागलो. आतून कुणी हलल्याचा आवाज नाही. मी उंबऱ्यावर बसलो. उस्ताद खिडकीवर दगड मारत होते. एकदम दार उघडलं आणि धोतराचा सोगा सावरत आडते बाहेर आले.

"काय घर जळून राहिलं का रे? एवढ्या दुपारी कोनी येते का माणसाच्या घरी? आता डोळा लागला होता!"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते दचकून मागे सरले. "याले काय झालं? ऊन लागलं का?"

त्यांचा फ्रीज मागच्या पडवीत, चारी बाजूंनी वारा. फेस लावला. जोड कोरडे. तरी पाव तास बसलो. उस्ताद म्हणाले, बैठ. बसलो.

बडनेऱ्याला गार्डाच्या क्वार्टरला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते समदे लग्नाले गेले नागपूरले. आठ दिवस झाले." तिच्याकडे चावी होती. दारं उघडून घर मोकळं केलं. एक नट किंचित गळत होता. ती माणसं लग्नाला गेली नसती तर, हा विचार मी केला आणि मग स्टेशनच्या नळाखाली डोकं धरून उभा राहिलो. उस्ताद तिथल्या यंत्राचं काम करायला थांबले. मला म्हणाले, "अकोला तू जा. अकेला जा." शिक्षा होती की भरवसा, मला कळलं नाही.

पॅसेंजर गाडीत मी उभाच होतो, जागा असून. अकोल्याच्या तायडेबाई मुलींच्या शाळेत शिक्षिका, एकट्या राहायच्या. फ्रीज त्यांच्या डॉक्टर भावाने दिलेला. एकटं माणूस, बंद घर, गळणारं यंत्र. अकोला येईपर्यंत मी त्यांना चार वेळा मेलेलं पाहिलं. रात्री नऊच्या पुढे पोचलो. दार आतून बंद. हाका मारल्या. नाही. मागच्या गल्लीत जाऊन भिंतीवर चढलो आणि अंगणात उडी टाकली, ती थेट बाईंच्या पुढ्यात. त्या खाटेवर बसून कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचत होत्या.

त्यांनी पुस्तक मिटलं. "दार पुढच्या बाजूला आहे."

"तुम्ही ठीक आहात?"

"आत्तापर्यंत होते."

मी फ्रीजचं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तर मी तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी बंद केलं. रात्रभर कुणी घोरत असल्यासारखं वाटायचं. आता त्यात साड्या ठेवते. कसर लागत नाही."

बुद्धाच्या तसबिरीखाली फ्रीज उभा होता. आत खरोखरच साड्या, घड्या घालून. मला हसू यायला हवं होतं. पण फेस लावला तर मागच्या नटावर हरभऱ्याएवढा बुडबुडा फुगला. यंत्र बंद असलं तरी गॅस गळायचा थांबत नाही. बाई दिवसभर शाळेत, सुट्टीत भावाकडे, रात्री अंगणात; म्हणून वाचल्या. मी यंत्र अंगणात ओढलं, त्यांना दूर बसवलं आणि गॅस वाऱ्यावर सोडून दिला. सगळं सांगितलं. बेबीचंही.

बाईंनी विचारलं, "हा वायू विषारी आहे, हे तुम्ही लोकांना आधी सांगता?"

"नाही."

"का?"

"लोक घाबरतील. बोलावणार नाहीत."

"म्हणजे घाबरायचं काम तुम्ही त्यांच्याकडून काढून स्वतःकडे घेतलंत. आणि तेही पुरतं केलं नाहीत."

असं मला कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी कागद आणि दौत-टाक पुढे ठेवला. म्हणाल्या, लिहा. मी म्हटलं, मी चौथी. त्या म्हणाल्या, "चौथीतल्या माणसाला विष लिहिता येतं." मी लिहिलं, त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, मी पुन्हा लिहिलं. या यंत्रात विषारी गॅस आहे. यंत्र झोपायच्या खोलीत ठेवू नये. गोड वास आला, डोकं दुखलं, पाय लटपटले तर आधी माणसं बाहेर काढावी, दारं उघडावी, मग मिस्तरीला बोलवावं. गॅस संपत नसतो, गळतो. गारवा कमी झाला तर गळती शोधल्याशिवाय गॅस भरू देऊ नये. सकाळच्या गाडीला निघेपर्यंत माझ्याकडे असे चार कागद तयार होते.

अमरावतीला उतरून सरळ दवाखान्यात. व्हरांड्यात गणपत उभा होता. मी त्याचं तोंड वाचायचा प्रयत्न केला, काही कळेना. त्याने मला आत नेलं. बेबी उशीला टेकून बसली होती. जिवंत. डोळे उघडे.

तिने माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "बाबा, दोन मिस्तरी आले."

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. पण त्या विषाने नजरेवर परिणाम होतो, एकाचे दोन दिसतात. जाईल बहुतेक. किती दिवसांत, सांगता येत नाही. कधी कधी राहतंही.

गणपतने माझ्या हातातला कागद घेतला, सावकाश वाचला. दोनदा वाचला. मग विचारलं, "यात तुहं नाव कुठी हाय?"

"नाव?"

"गॅस कोनं भरला ते लोकाइले कसं समजन? नाव लिव्ह."

मी नर्सबाईंकडून पेन घेतला आणि चारही कागदांवर खाली नाव लिहिलं. त्या दिवसापासून मी हात लावलेल्या प्रत्येक यंत्रावर असा कागद लागला, नावानिशी, तारखेनिशी. उस्तादांनी पुढे आपलंही नाव घालायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, हे खरं. जी राहिली ती विचारू लागली, हेही खरं.

रामरावजी आणि बेबी चार दिवसांत घरी आले. रामरावजींची चाल थोडी डगमगती राहिली ती राहिलीच. त्याबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. अलमारी मात्र अंगणात उघडी पडली म्हणून बोलायचे. ती मी पुन्हा चालू केली नाही. त्यांनी खूप सांगून पाहिलं.

आणि मी रोज संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्यांच्या घरी जायचो. कुणी बोलावलं नव्हतं. ओसरीच्या पायरीपाशी उभा राहायचो. कुणी बस म्हणायचं नाही, मीही बसायचो नाही. गणपत बेबीला बोटाला धरून दारात आणायचा आणि विचारायचा, "किती मिस्तरी आले?"

"दोन."

मी परत जायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन. तिसऱ्या दिवशी दोन. एकदा ती म्हणाली, "दोन हायेत, पण एक पातळ हाय." त्या रात्री मला झोप लागली नाही, पातळ म्हणजे बरं की वाईट हे डॉक्टरांना विचारेपर्यंत. पुन्हा दोन. असे दहा दिवस गेले असतील, अकरा असतील. मी मोजायचं सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी बेबी दारात आली, माझ्याकडे बघितलं, एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं. गणपतने विचारलं, "सांग ना माय, किती हायेत?"

"एकच हाय," ती म्हणाली. "दुसरा आला नाही आज."

वत्सलाबाई आतून धावत आल्या. गणपत माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाला, "मंग त्या एकाले चहा टाक."